काखेतला चौकोन

करोल बागेत नाटकाचे कपडे भाड्याने देणारं एक दुकान होतं. अरुंद जिना चढून गेलं की लांबलचक खोली, एका टोकाला आरसा आणि दुसऱ्या टोकाला गल्ला. माप घेणारा आरशाजवळ उभा असायचा आणि माप लिहून घेणारा गल्ल्याशी बसलेला. त्यामुळे मधे बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून आकडे ओरडून सांगितले जायचे. शिंप्यांची ही पद्धत मी जन्मभर पाहत आले आहे आणि तिच्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आरशासमोर माझी भाची तनया उभी होती.

"छाती बयालीस!"

"बयालीस!" गल्ल्यावरून उत्तर आलं.

"कमर अडतीस!"

"कितनी?"

"अडतीस, अडतीस!"

दोन बायका मान वळवून बघायला लागल्या. तनयाने हात अंगाशी घट्ट धरले होते. गल्ल्यावरच्या माणसाने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींना, म्हणजे विश्वासरावांना, सांगितलं, "साब, रानी का ड्रेस एकही साइज में आता है. ये बच्ची को नहीं होगा. वो दूसरी को बिल्कुल फिट है."

ती दुसरी म्हणजे देविका, मंडळातलीच एक मुलगी. सहज म्हणून आमच्याबरोबर आली होती बिचारी. तिच्या अंगावर त्यांनी चोळी चढवूनही टाकली, मागे चेन असलेली, टिकल्यांनी मढवलेली, टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांमध्ये असते तशी. विश्वासराव खूश झाले.

"आत्या, मी खाली थांबते," एवढं म्हणून तनया जिना उतरून गेली.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. नोएडातल्या मराठी मंडळींनी आपला वेगळा गणपती बसवायला सुरुवात करून फार दिवस झाले नव्हते. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेली माणसं निवृत्त होऊन नाहीतर कर्ज काढून यमुनेपलीकडच्या सेक्टरांत राहायला आली होती. मागच्या गल्लीत अजून मोहरीची शेतं आणि पुढच्या चौकात वॉशिंग मशीनची शोरूम, असा सगळा मामला. मंडळाचं पहिलंच मोठं नाटक होतं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या नरसिंहकाकांनी ते स्वतः लिहिलं होतं. नवरा लढाईत पडल्यावर किल्ला सोडायला नकार देणाऱ्या एका किल्लेदारणीची गोष्ट. ते काम तनयाला मिळालं होतं, आणि कोणाच्या शिफारशीने नव्हे. नोएडातल्या पोरांपैकी नाटकातलं जुन्या वळणाचं मराठी न अडखळता बोलू शकणारी ती एकटी होती, आणि तिचा आवाज असा की शेवटच्या खुर्चीवर डुलक्या घेणारा माणूसही सावरून बसायचा.

"विश्वासराव, तनयाच्या मापाचा दुसरा ड्रेस करून घ्या," मी म्हटलं.

"अलकाताई, जरा प्रॅक्टिकल व्हा यार. ड्रेस बुक झालेत. देविकाला परफेक्ट बसतोय."

"ड्रेस बसतोय. आणि संवाद? ते तिच्या तोंडात बसतायत का?"

"तनया प्रॉम्प्टिंग करेल ना! आवाज काय छान आहे तिचा. पडद्यामागून दिला की झालं."

माझं डोकं असं सणकलं की काय सांगू. मुलीचा आवाज हवा आणि मुलगी नको! मी त्या जिन्यातच भांडायला उभी राहिले. वर जाणाऱ्यांची आणि खाली येणाऱ्यांची वाट अडली तरी हलले नाही. शेवटी विश्वासराव वैतागून म्हणाले, "अच्छा, ठीक आहे. रविवारच्या रंगीत तालमीला तिच्या अंगाला नीट बसणारा पोशाख आणा. तोही जुन्या काळचा दिसला पाहिजे, पडद्याचं कापड गुंडाळून आणू नका. आणलात तर तनया, नाहीतर देविका."

"आणते," मी म्हटलं.

आता माझी ओळख करून देते, म्हणजे मी हे कशाच्या जोरावर बोलले ते कळेल. मी अलकनंदा. एका सरकारी वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्र विभागात नोकरी करत होते. लग्न केलं नाही, त्यामुळे बँकेचे हप्ते आणि घरातला पसारा दोन्ही माझं एकटीचं. माझं काम असं की जुने अंगरखे, जामे, बंड्या, चोळ्या कपाटातून हलक्या हाताने काढायच्या, शिवणीशिवणीचं माप घ्यायचं आणि कागदावर त्यांचे तुकडे आखायचे. कपडा पुढेमागे विरून गेला तरी तो कसा बेतला होता हे कागदावर राहावं, म्हणून.

या कामाचं मला वेड होतं आणि ते वेड कचेरीपुरतं राहिलं नाही. लाल किल्ल्यामागे रविवारी जुना बाजार भरायचा. तिथे रस्त्यावर पसरलेल्या गंजक्या पाना-पक्कडांतून मी शिंप्यांची जुनी हत्यारं उचलून आणायची. काटकोन आखायचा एक पितळेचा गुण्या, कोपरा झिजून गुळगुळीत झालेला. गळ्याची आणि बाही जोडतात त्या मुंढ्याची गोलाई आखायची शिसवी फळी. लाकडी मुठीचं दातेरी चाक, जे फिरवलं की खालच्या कागदावर टिंबांची रेघ उमटते. आणि एक लोखंडी कात्री, इतकी जड की टेबलावरून उचलायचीच नाही, टेबलावरच सरकवत न्यायची. माझा भाऊ यतीन या सगळ्याला भंगार म्हणायचा. यतीनचं घर माझ्याच इमारतीत, एक मजला खाली. तनया त्याची मुलगी आणि कल्पना त्याची बायको.

करोल बागेहून परतलो तेव्हा कल्पना दुधी उकडत होती. फोडणी नाही, तेल नाही, नुसता पाण्यात. गेले दोन महिने तनयाच्या ताटात ते पांढरं प्रकरण पडत होतं. दुकानात काय झालं ते मी सांगितलं आणि रविवारचं वचनही सांगितलं.

कल्पनाने गॅस बारीक केला. "ताई, कशाला हट्ट करताय? तिने प्रॉम्प्टिंग करावं. काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. पण काम तिचं आहे."

"उद्या ती स्टेजवर उभी राहील आणि कोणीतरी मागून हसेल. तुम्हाला काय, तुम्ही त्याच्याशी भांडाल आणि मोकळ्या व्हाल. ती घरी येऊन माझ्या कुशीत रडेल."

हे ती रागाने बोलली नव्हती. कल्पनाचं मुलीवर जिवापाड प्रेम होतं. फोटो काढायची वेळ आली की ती आधी तनयाला सांगायची, "हात अंगाशी धर, बारीक दिसतं." पोरीला त्याची इतकी सवय झाली होती की कॅमेरा नसतानाही ती हात अंगाशी धरूनच वावरायची. मला ते रोज दिसायचं.

"मी प्रॉम्प्टिंग करणार नाही," तनया दारातून म्हणाली. डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत. "एकतर ते काम करेन, नाहीतर घरी बसेन. पडद्यामागे उभी राहणार नाही."

"ऐकलंस?" मी कल्पनाला म्हटलं.

"ऐकलं. पण एक लक्षात ठेवा, तुम्ही कितीही सुंदर आखा, शिवणार कोण?"

मर्मावर बोट ठेवलं बाईने. मी आखते, मी कापते, पण शिवण माझ्या हातातलं नाही. माझा टाका चालताना अडखळतो. कल्पनाचा हात मात्र असा की तिचा टाका उलट्या बाजूने पाहिला तरी सुलटा वाटावा.

"तू शिवणार," मी म्हटलं.

दुधी चाळणीत ओतून तिने पाणी गाळलं.

दुसऱ्या दिवशी तनया संध्याकाळी वर आली. मी टेप हातात घेतली तशी तिने पुन्हा हात आवळले.

"आकडे मोठ्याने म्हणू नकोस हं, आत्या."

मी टेप खणात टाकून दिली. टेप निघण्याआधीचे शिंपी काय करायचे हे मला ठाऊक होतं. कागदाची लांब पट्टी घ्यायची, अंगाभोवती धरायची आणि जिथे माप संपेल तिथे कात्रीने खाच मारायची. छातीला एक खाच, कमरेला दोन, दंडाला वाकडी. पट्टीवर आकडा नाही की अक्षर नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी निराळी आणि ती दुसऱ्या कोणाच्या काही कामाची नाही. मी जुन्या वर्तमानपत्राची पट्टी कापली आणि तिच्या अंगाभोवती फिरवत खाचा मारत गेले. तिने हळूहळू श्वास सोडला.

"बस्स? झालं?"

"झालं. आता सांग, तुझी कंबर किती?"

तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "इतकी," असं म्हणून तिने बोटाने खाच दाखवली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

बेतायला माझ्याकडे नमुना तयार होता. आमच्या संग्रहालयात एक हिरव्या खणाची चोळी होती, पुढे गाठ मारायची, पाठ झाकलेली, बाही दंडाच्या खालपर्यंत. कोणाची, कोणत्या गावची, काही माहीत नाही. पण नरसिंहकाकांच्या किल्लेदारणीने घातली असती ती अशीच. चोळीची मी आधीच आखणी केली होती. तिच्या दोन्ही काखांत तांबड्या सुती कापडाचे चौकोनी तुकडे होते, ते फाटल्यावर नंतर कोणीतरी लावलेले म्हणून मी हिशेबातून वगळले होते. आमच्या कामाची ही शिकवणच आहे. नंतरची रफू, नंतरची ठिगळं मनातल्या मनात उसवून टाकायची आणि मूळ कपडा कसा होता ते शोधायचं.

कनॉट प्लेसच्या एम्पोरियममधून हिरवा खण आणला. एकात भागेना, दोन लागले. लागले तर लागले. पितळी गुण्या लावून मी पाठीची रेघ ओढली, शिसवी फळीने मुंढा वळवला, तनयाच्या पट्टीवरच्या खाचा एकेक करून कागदावर उतरवल्या. दातेरी चाक कागदावरून करकरत फिरलं. मग ती अजस्र कात्री टेबलावरून सरकवत खण कापला. खरं सांगते, मला गर्व झाला होता. त्या करोल बागवाल्याला मनातल्या मनात मी चार गोष्टी सुनावूनही टाकल्या.

कल्पनाने शिवली. का शिवली ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुपारची कामं आटोपून ती वर यायची, खिडकीशी बसायची आणि मान खाली घालून टाके घालायची.

मधल्या दिवसांत तालमी चालूच होत्या. तनया जात नव्हती, पण देविका एकदा वर येऊन माझ्यापाशी रडगाणं गाऊन गेली. "आत्या, त्या चोळीत हातच वर जात नाही. तलवार उगारायची आहे ना बुरुजावर? जरा उचलला की इथे काचतं. तर विश्वासकाका म्हणाले, तलवार कमरेशीच ठेव, डिग्निफाइड दिसतं."

"आणि नरसिंहकाका काय म्हणाले?"

"काही नाही. नुसते बघत राहिले."

म्हणजे त्या चोळीपायी किल्लेदारणीचा हातही खाली आणला होता यांनी. मुलगी बदलली, आता गोष्टही बदलत होते. माझा संताप आणखी वाढला, पण आतून बरंही वाटलं, कारण आमची चोळी जवळजवळ तयार होती.

शनिवारी सकाळी तनयाने ती घातली. दिवाणखान्यात आम्ही तिघी. चोळी अशी बसली की मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली. हिरवा खण तिच्या सावळ्या रंगावर उठून दिसत होता. तिने पुढे गाठ मारली, कोपऱ्यातला झाडू तलवारीसारखा हातात घेतला, खांदे मागे टाकले आणि बुरुजावरून शत्रूला सुनावायचं वाक्य म्हटलं.

"हा दरवाजा आतून उघडतो!"

आणि झाडू उगारला. चर्रकन आवाज झाला. उजव्या काखेत चोळी वीतभर फाटली.

तनयाचा हात तसाच अर्ध्यावर राहिला आणि मग हळूहळू खाली येऊन अंगाशी चिकटला.

"सांगत होते मी," कल्पना म्हणाली, पण तिचाच आवाज फुटला. "बघितलंत ना ताई? सांगत होते."

मी खुर्चीत बसले. मुंढा मी नीट बेतला होता, दंडाला सैल ठेवलं होतं, माप तर पट्टीवरून बरोबर उतरवलं होतं. चूक कुठे झाली ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम. माझ्यासारख्या बाईने, जी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवत आली, तिने आता विश्वासरावांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

तनया रडली नाही. ती टेबलाशी गेली आणि तिथे पसरलेली माझी संग्रहालयातली आखणी बघायला लागली. फाटलेली चोळी तशीच अंगात, हात अंगाशी. बराच वेळ बघत राहिली.

"आत्या, हे काखेतलं काय?"

"ठिगळ आहे ते. नंतरचं. सोडून दे."

"दोन्हीकडे?"

"हो."

"दोन्हीकडे अगदी सारखं फाटलं होतं तिचं? कोपऱ्याला कोपरा?"

मी उठले.

"आणि हे बघ, बाहीची शिवण इथे येऊन थांबते. ठिगळ वरून लावलं असतं तर शिवण खालून पुढे गेली असती ना? ती जातच नाहीये. हा चौकोन आधीपासूनच आहे, आत्या. तूच काढलंयस."

माझ्याच हाताने, माझ्याच बारीक पेन्सिलने मी ते काढलं होतं. शिवण चौकोनाच्या कडेपाशी थांबलेली. समोर दिसत होतं आणि मी पाहिलं नव्हतं, कारण रंग वेगळा दिसला की ठिगळ म्हणायची माझी सवय. तो तुकडा हात उचलायला जागा करत होता. सरळ कापलेल्या बाहीला काखेत तो नसला तर हात वर नेताच सगळी चोळी ओढली जाते आणि फाटते. ज्या बाईने ती शिवली तिने हे जाणून, मोजूनमापून, दोन्ही काखांत चौकोन बसवले होते. आणि मी ते शहाणपणाने पुसून टाकले होते.

"म्हणजे तिला हात वर करता यायला हवा होता," तनया म्हणाली.

"कोणत्या बाईला नको असतो?" कल्पना नाक पुसत म्हणाली. "फडताळावरचे डबे काय पुरुष काढून देतात?"

मला एकदम हसूच फुटलं. तनयाही हसली. कल्पना मात्र हसली नाही. तिने पोरीला जवळ ओढून तिचा हात धरला आणि फाटलेल्या जागेत बोटं घालून पाहिलं, कुठून ओढलं गेलंय, किती लागेल. मग म्हणाली, "काढ ही चोळी. ताई, किती मोठा चौकोन ते आखा."

मी आखला. पट्टीवर दंडाची वाकडी खाच होती, तिच्यावरून बाजू ठरवली आणि गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात घेतले. आखून झालं तेव्हा लक्षात आलं की खण संपलाय. दोन खणांतून उरल्या होत्या त्या बोटभर चिंध्या.

"एम्पोरियमला जाऊन येते," मी म्हटलं. "बस मिळाली तर तासाभरात—"

"थांबा," म्हणून कल्पना खाली गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातावर तिची अष्टपुत्री होती. लग्नात मामाने दिलेली, हळदीसारखी पिवळी, लाल काठाची साडी. तिच्या घड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. ती तिने टेबलावर ठेवली, एक घडी उलगडली आणि माझी ती जड कात्री, जिला मी कोणाला हात लावू देत नव्हते, स्वतःकडे सरकवली.

"अगं कल्पना, हे काय करतेस? लग्नातलं वस्त्र आहे ते!"

"माहीत आहे. हिच्या लग्नात उपयोगी पडेल म्हणून ठेवलं होतं. नाटक आधी आलं."

आणि कापलं. मी अडवायच्या आत कात्री पिवळ्यातून आरपार गेली. यतीनशी लग्न करून आलेली ही मुलगी मला इतकी वर्षं घाबरट वाटत होती, आणि मी एवढी तोंडाळ असून आयुष्यात असं काही कापलं नव्हतं.

"पिवळं दिसेल, आई," तनया हळूच म्हणाली. "हिरव्यात."

"दिसू दे," कल्पना दोरा ओवत म्हणाली.

रविवारी सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये रंगीत तालीम होती. नेहमीप्रमाणे लाइट गेली होती आणि मागे जनरेटर घरघरत होता. पहिल्या रांगेत वॉशिंग मशीनच्या शोरूमचे मालक बसले होते, कारण पडद्यावर त्यांचं नाव येणार होतं. फोटोग्राफरही आला होता. विश्वासराव सफारी घालून इकडून तिकडे फिरत होते.

तनया नऊवारी आणि त्या चोळीत मंचावर आली तेव्हा ते थांबले. "अरे वा! बसतोय की. एकदम ओरिजिनल." मग मला म्हणाले, "मानलं तुम्हाला, अलकाताई."

देविकाने स्वतःहून संवादांचं बाड उचललं आणि ती पडद्याआड जाऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद लपत नव्हता.

बुरुजाचा प्रवेश आला. तनयाने तलवार उपसली आणि हात वर गेला. काखेत पिवळा चौकोन झळकला, अगदी लांबून दिसावा असा. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांबा, थांबा, एक मिनिट!" विश्वासराव पुढे धावले. "हे काय? काखेत ठिगळ लावलंय! अलकाताई, फोटो निघणार आहेत यार. पाहुणे काय म्हणतील, मंडळाकडे धड कापड नव्हतं? तनया बेटा, एक काम कर. हात एवढा वर नको नेऊस. कमरेशी ठेव, देविका ठेवायची तसा. मग दिसणार नाही."

मी उठणारच होते. सगळा दारूगोळा तयार होता माझ्या जिभेवर. पण माझ्या शेजारची खुर्ची आधी सरकली.

"ते ठिगळ नाही," कल्पना म्हणाली. चारचौघांत ती कधी मोठ्याने बोलत नसे, आताही तिचे कान लाल झाले होते. "हात वर जावा म्हणून मुद्दाम लावलंय. माझ्या अष्टपुत्रीचं आहे."

"वहिनी, ते सगळं ठीक आहे, पण दिसतंय ना—"

"दिसू दे ना. लपवायचं कशाला?"

दुसऱ्या रांगेतून नरसिंहकाका काठीवर जोर देत उठले. इतके दिवस बिचारे गप्प बसले होते. "विश्वास, मी लिहिलंय की ती तलवार उंच उगारते. कमरेशी धरते असं लिहिलेलं नाही. तो हात खाली आणायचा असेल तर माझं नाव काढून टाक आणि नाटकही परत दे."

विश्वासरावांनी शोरूमच्या मालकांकडे पाहिलं. ते गृहस्थ पंजाबी, त्यांना यातलं किती कळलं कोण जाणे. ते म्हणाले, "बच्ची को करने दो न जी. अच्छा लग रहा था."

"ओके, ओके," विश्वासराव खुर्चीत बसले. "चलो, पुन्हा घ्या बुरुजापासून."

तनया मंचाच्या मधोमध उभी होती. या सगळ्या वादावादीत तिचा हात नकळत खाली आला होता आणि कोपर पुन्हा अंगाशी चिकटलं होतं. सवयच ती. ती आम्हाला शोधत होती. मला नाही, आईला.

कल्पना बसली नव्हती. पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती उभी होती.

तनयाने श्वास घेतला. तलवार कमरेपासून निघाली, खांद्यापर्यंत आली. पिवळ्याची एक कड दिसायला लागली.

"वर," कल्पना पुटपुटली.

हात खांद्याच्या वर गेला.

"अजून वर," ती म्हणाली, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

तनयाने हात सरळ वर नेला, पार उंच, तलवारीचं टोक वरच्या पंख्याकडे रोखलेलं. चोळी कुठेही ओढली गेली नाही. अख्खा पिवळा चौकोन उघडा झाला. पडद्याआडून देविका घाईघाईने वाक्य द्यायला लागली, पण तनयाला त्याची गरज नव्हती.

"हा दरवाजा आतून उघडतो!"